बुगोम्बेकडे वळलेलं सैन्य

किसिटू माझा धाकटा भाऊ. त्याच्या हुशारीबद्दल मला कधी शंका नव्हती, शंका होती ती त्याच्या तोंडाबद्दल. हुशार माणसानं गप्प बसून काम करावं, तर हा आधी बोलून बसणार आणि मग निस्तरायला घरच्यांनी धावायचं. त्या रविवारी मेंगोच्या टेकडीवर, जाजांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, ओम्वेसो मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये जो प्रसंग आमच्यावर आला, तोही त्याच्या तोंडानंच ओढवून आणलेला.

आम्ही दोघांनी मिळून लढाईचा एक खेळ बनवला होता. नाव एन्गाबो, म्हणजे ढाल. टेकड्या, तळी, गावं, भालाईत हे सगळं चित्रकाम माझं. बाकी डोकं त्याचं. खेळ पाळीपाळीनं चालतो. तुम्ही तुमचे शिपाई हलवा, पाळी संपवा, मग संगणक त्याचे हलवतो. आणि नकाशावर धुकं असतं. तुमचा माणूस जिथवर पोचलाय तिथवरचंच तुम्हाला दिसतं, त्याच्या पलीकडे सगळं पांढरं.

संगणकाच्या राजाला खेळणारी पोरं म्वामी म्हणायला लागली. म्वामी म्हणजे साहेब, मालक. नाव त्याला शोभायचंही. म्वामी कधी चिडत नाही. तुम्ही त्याचं गाव जाळलंत तरी तो सूड घ्यायला धावत नाही. प्रत्येक पाळीला तो तुमचं एकेक गाव तोलतो. राखायला किती माणसं आहेत, पोचायला किती वेळ लागेल, घेतलं तर हाती काय येईल. जिथं कमी मरून जास्त मिळेल तिथं तो जातो. टेकडीवर तुम्ही दोन भालाईत जास्त उभे केलेत की तो मुकाट्यानं मागं फिरतो, आणि मागून कुमक येतेय तोवर तुमच्याकडे तहाचा निरोप धाडतो. माणूस रागानं लढतो, लाजेनं लढतो, कधीकधी बायकोनं टोमणा मारला म्हणूनही लढतो. म्वामीला यातलं काहीच नाही. सुरुवातीला मला त्याचा धाकच वाटायचा.

तर लोक कुजबुजायला लागले की म्वामी चोर आहे. त्याला धुक्यापलीकडचं दिसतं. किसिटूला हे झोंबलं, आणि त्याला कारणही होतं. कितीतरी खेळांत संगणकाला गुपचूप जास्तीचं धान्य आणि जास्तीचे शिपाई दिलेले असतात, नाहीतर तो माणसापुढे टिकत नाही. किसिटूला या प्रकाराची चीड. आपला म्वामी माणसाइतकंच खातो आणि माणसाइतकंच बघतो, असं तो छाती ठोकून सांगायचा.

मग वकील नाकियिंगीबाईंनी आम्हाला निरोप पाठवला. बाई कोर्टात उभ्या राहिल्या की साक्षीदारांना घाम फुटतो अशी त्यांची ख्याती, आणि फावल्या वेळात त्या असले लढाईचे खेळ खेळायच्या. खेळायच्या म्हणजे जिंकायच्या. त्यांनी आरोप वगैरे काही केला नव्हता. म्वामीशी चारचौघांत एक डाव खेळायचाय, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. यावर शहाण्या माणसानं काय करावं? हो म्हणावं आणि कुठल्यातरी हॉटेलात चहा पाजावा. माझ्या भावानं उत्तर दिलं, "माझ्या आजोबांच्या पटाशी या. सेबुगुझी स्वतः हमी देतील."

आजोबांना न विचारता.

मी त्याला म्हटलं, "अक्कल गहाण टाकलीस का रे? तिथला नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच तिथं. तिथं जिंकलो की पुन्हा कोणी चोर म्हणणार नाही."

ओम्वेसो म्हणजे खळग्यांचा लाकडी पट आणि त्यात पेरत जायच्या बिया. शेडसमोर फणसाच्या झाडाखाली एक लांब बाक आहे, त्यावर मंडळातली माणसं बसतात; टोकाची जागा किसिटूची. त्या बाकावर जागा मिळणं म्हणजे आमच्या भागात काय असतं ते कसं सांगू? लग्नाची बोलणी असोत, भाऊबंदकीचं भांडण असो, बाकावरच्या माणसाचा शब्द लोक मानतात. कारण एकच, तिथं हात साफ लागतो. बिया पेरताना एखादी इकडची तिकडे झाली तर ज्याची चूक त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, "माझा हात चुकला." सांगितलं की तो फक्त डाव हरतो. पण त्यानं सांगायच्या आधी समोरच्यानं ती चूक बोलून दाखवली, तर चुकणाऱ्याची बाकावरची जागा गेली. कायमची. आणि त्याच्यासाठी कोणी हमी दिली असेल तर हमी देणाऱ्याचीही. पटाबाहेर कोण काय बोललं ते धरत नाहीत, डाव चालू असताना जे बोललं जाईल तेच खरं.

जागा गेली की काय होतं ते बघायला आम्हाला लांब जावं लागायचं नाही. कुंपणापलीकडे भाड्याच्या मोटारसायकली चालवणाऱ्या बोडाबोडावाल्यांच्या अड्ड्याशी कायोंडो म्हातारा भाजलेली गोंजा केळी विकायचा. माझ्या जन्माच्या आधी तो बाकावर बसायचा, आणि जाजांच्या जोडीचा खेळाडू होता म्हणतात. एका डावात जाजांनी त्याचा हात चुकलेला पकडला. कायोंडो शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला. त्यानंतर त्यानं फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नाही. पण रोज संध्याकाळी निखाऱ्यांवर केळी परतत तो कुंपणाच्या फटीतून डाव बघत असतो. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. आता नुसतं वाईट वाटतं.

जाजांनी किसिटूला एकच विचारलं. "चोरी करतो का तुझा म्वामी?"

"नाही, जाजा."

"ठीक आहे," ते म्हणाले, आणि बिया मोजून पिशवीत भरायला लागले. झाली हमी.

रविवारी दुपारी शेड भरली. ओम्वेसोवाले म्हातारे पुढे चटईवर, खेळ खेळणारी पोरं मागं उभी, बोडाबोडावाले कुंपणाला लटकलेले. भिंतीवर एक मोठी चादर लावून तिच्यावर प्रोजेक्टरनं अख्खा नकाशा दाखवला होता, धुकं काढून, म्हणजे बघणाऱ्यांना दोन्ही बाजू दिसाव्यात. नाकियिंगीबाईंना चादरीकडे पाठ करून बसवलं होतं. त्यांच्यापुढे फक्त त्यांचा लॅपटॉप. शेजारच्या टेबलावर म्वामीचा लॅपटॉप, त्याच्यामागं किसिटू आणि मी. आणि मधोमध जाजा, पुढ्यात त्यांचा जुना पट. डाव दुसऱ्याचा असला तरी हातात बिया असल्याशिवाय त्यांना बसवत नाही.

बाई आल्या त्या कोर्टातल्यासारख्या काळ्या पोशाखात. मला वाटलं आता ही इंग्रजी झाडणार. तर त्यांनी चपला काढल्या, चटईवर गुडघे टेकले आणि जाजांची रीतीप्रमाणे सावकाश, एकही प्रश्न न गाळता, सगळी खुशाली विचारली. जाजांनी डोळे बारीक केले.

"तू मुसिसीची मुलगी ना?"

"हो, जाजा."

"तुझा बाप या बाकावर माझ्या डाव्या हाताला बसायचा."

"माहीत आहे मला."

मला कुठं माहीत होतं? मी किसिटूकडे पाहिलं. त्याला काही फरक पडला नव्हता. तो मागच्या पोरांना डोळा मारत होता.

जाजांनी सगळ्यांना बजावलं की डाव संपेपर्यंत चादरीवर जे दिसेल ते कोणी तोंडातून काढायचं नाही. मग डाव सुरू झाला.

पहिला तासभर माझ्या जिवात जीव होता. म्वामी अगदी साळसूदपणे खेळत होता. तो टेहळे पाठवायचा, ते टेकडीवर चढून बघायचे, मगच त्याचं सैन्य पुढे सरकायचं. जखमी भालाईत मागं घ्यायचा, ताजे पुढे आणायचा. बाईंची दोन चौकीची गावं त्यानं घेतली, आणि लगेच तहाचा निरोप धाडला. पोरं हसली. बाईंनी निरोप वाचलाही नाही.

"बघ," किसिटू माझ्या कानाशी लागला, "ज्याला सगळं दिसतं तो टेहळे कशाला पाठवेल?"

खरं होतं ते. मलाही पटलं. म्वामीचं मुख्य सैन्य आता बाईंच्या राजधानीच्या टेकडीखाली येऊन थांबलं होतं, आणि आणखी दोन पाळ्यांत राजधानी पडणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. किसिटू खुर्चीत मागं रेलला.

तेव्हा बाईंनी ती चाल केली.

त्यांच्या मुलखाच्या अगदी मागं, दोन डोंगररांगांच्या आड, तळ्याकाठी बुगोम्बे नावाचं गाव होतं. नाव मीच ठेवलं होतं, आमच्या आजीचं गाव. म्वामीचा एकही माणूस तिथं कधी पोचला नव्हता. कुठल्याही टेहळ्याला ते दिसणं शक्य नव्हतं. बाईंनी बुगोम्बेतले सगळे शिपाई बाहेर काढले आणि शेजारच्या रानात नेऊन उभे केले. गाव उघडं पडलं. मग त्यांनी आणखी एक केलं. एका टेहळ्याला तळ्याच्या वाटेवरच्या झाडीत नेऊन बसवलं, आणि पाळी संपवली.

शत्रू दाराशी उभा असताना परसातली माणसं हलवणं हा शुद्ध वेडेपणा होता. मागच्या पोरांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या.

म्वामीची पाळी आली. चादरीवर राजधानीच्या टेकडीखालचं निम्मं सैन्य उठलं, वळलं आणि तळ्याच्या वाटेला लागलं.

शेडमधला आवाज बदलला. इतक्या माणसांनी एकदम श्वास धरला की कळतंच.

"योगायोग," किसिटू पुटपुटला.

बाईंनी रानातले शिपाई परत बुगोम्बेत आणले. म्वामीचं सैन्य अर्ध्या वाटेवर थांबलं, आणि पुढच्या पाळीला माघारी फिरलं. बाईंनी पुन्हा गाव रिकामं केलं. सैन्य पुन्हा वळलं. हिरवा पाला दाखवून शेळीला इकडे तिकडे न्यावं, तसं त्या म्वामीला नेत होत्या. आणि झाडीतला तो टेहळ्या येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद घेत बसला होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही खेळत नव्हती, ही उलटतपासणी घेत होती. ज्या खोलीत साक्षीदार गेलाच नाही त्या खोलीतली वस्तू त्याला विचारायची, आणि तो कसा चटकन सांगतो ते बघायचं.

मागं एकजण फिसकन हसला. जाजांनी मान वळवून बघितल्यावर तो गप्प झाला. जाजांच्या हातातल्या बिया मात्र थांबल्या होत्या.

मी किसिटूच्या मांडीला चिमटा काढला. "काय चाललंय हे?"

"मला नाही माहीत."

"तू म्हणालास त्याला दिसत नाही."

"नाहीच दिसत. मी स्वतः लिहिलंय, नाबोसा. त्याचे शिपाई धुक्यात आंधळे असतात. शपथ घेतो."

भाऊ खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, हे मला तो रांगत होता तेव्हापासून ठाऊक. कान लाल नव्हते. तो खरं बोलत होता, आणि समोर त्याचं सैन्य त्याला खोटं पाडत होतं. मला रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त राग. कोणाचा ते कळेना. त्या बाईचा, ह्याचा, की जाजांचा? या वयात कोणी सांगितली होती हमी द्यायला?

तिसऱ्या खेपेला बाईंनी गाव रिकामं केलं तेव्हा म्वामीनं राहिलेलं सैन्यही बुगोम्बेकडे धाडलं. मग चादरीवर जे दिसलं ते सगळ्यांना कळलं. म्वामीचं सैन्य तळ्याच्या वाटेवर लांबलचक पसरलेलं, आणि त्याची स्वतःची राजधानी उघडी. बाईंचे भालाईत टेकडीवरून उतरले असते तर एका पाळीत डाव खलास होता.

बाईंनी भालाइतांवर बोट ठेवलं. आणि थांबल्या.

त्या थांबूनच राहिल्या. आमच्याकडे पटाशी बसून कोणी विचार करत नाही. हात झरझर चालला पाहिजे, नाहीतर बघणारे मोजायला लागतात आणि पाळी जाते. म्हाताऱ्यांना सवयच ती. चटईवरून कोणीतरी सुरू केलं, "एमू... बिरी..." बाकीचेही त्यात मिसळले. बाईंनी हात उचलला, भालाईत सोडून दिला, आणि भलतीकडचा एक शेतकरी उगाच एक घर सरकवून पाळी संपवली. पुढच्या पाळीलाही तेच केलं. जिंकायचा डाव हातात धरून ही बाई वेळ काढत होती. सुरुवातीला किती भराभर खेळली होती.

मग त्यांनी मान वर करून किसिटूकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

तिला डाव जिंकायचा नव्हता. तिला जे दाखवायचं होतं ते तिनं पहिल्याच खेपेला दाखवलं होतं. तरी एक शब्द बोलली नव्हती, कारण ती बोलली की जागा गेली, किसिटूची आणि जाजांचीही. ती त्याच्या तोंडून यायची वाट बघत होती. आणि माझा दिवटा भाऊ अजून लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसला होता. त्याला काहीच सांगायची सोय नव्हती. दुसऱ्यानं सुचवलेलं धरत नाहीत, आपल्या मनानंच बोलावं लागतं. मी ओठ चावत बसले.

चटईवर कुजबुज वाढली. ज्याला खाज असते असा एक माणूस प्रत्येक मंडळात असतो, आमच्याकडचा गुडघ्यावर उठून बसला होता आणि बाईंना खुणावत होता, बोल ना, म्हण ना. बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पण किती वेळ देणार नव्हत्या? डाव असा लोंबकळत ठेवला तर तोही अपमानच, जाजांचा.

किसिटूनं वर पाहिलं ते बाईंकडे नाही, जाजांकडे. जाजांच्या मांडीपुढे पट होता. सगळे खळगे उघडे, सगळ्या बिया उघड्या, आपल्याही आणि समोरच्याच्याही. त्यानं पटाकडे पाहिलं, मग चादरीकडे, मग परत पटाकडे. त्याचा चेहरा असा उतरला की मी त्याचा दंड धरला.

"काय झालं?"

"कुठं हल्ला करायचा ते ठरवणारा भाग," तो अगदी हळू बोलला, "तो मी एन्गाबोसाठी नव्हता लिहिला. शाळेत असताना लिहिला होता. जाजांशी ओम्वेसो खेळायला."

मला कळायला क्षणभर लागला. ओम्वेसोत लपवायचं काही नसतंच. समोरच्याच्या खळग्यात किती बिया आहेत ते दोघांनाही दिसतं, त्यावरच तर खेळ चालतो. या पोराला चालता यायला लागल्यापासून त्यानं तोच पट पाहिलेला. पट म्हणजे दोघांपुढे उघडा असलेला पट, याखेरीज दुसरं काही त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. म्वामीच्या टेहळ्यांना त्यानं धुकं दिलं, शिपायांना दिलं. पण जो आत बसून गावं तोलतो, त्याला द्यायचं राहिलं. तो अजून जाजांच्या फणसाखालीच बसला होता आणि सगळे खळगे मोजत होता.

दुसऱ्या कुठल्या गावातल्या माणसाकडून ही चूक झाली असती असं मला वाटत नाही. पण हे आता कोणाला सांगणार? चोरी पकडली गेल्यावर सगळेच काही ना काही सांगतात. कायोंडोनंही सांगितलंच असेल.

आणि तेवढ्यात वीज गेली.

प्रोजेक्टर बंद पडला, चादर काळी झाली, पंखे थांबले. पोरांनी नेहमीसारखा ओरडा केला. मी देवाचे आभार मानले, खोटं कशाला बोलू. मी ताडकन उठले आणि मोठ्यानं म्हटलं की आता काही दिसत नाही, डाव बरोबरीत धरू, पुढच्या रविवारी नव्यानं मांडू. दोघातिघांनी माना डोलावल्या. आठवड्याभरात किसिटूनं तो भाग काढून नवा घातला असता. कोणाला पत्ता लागला नसता. बाईही, मला वाटतं, काही म्हणाल्या नसत्या.

मी किसिटूला उठवायला त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो बाजूला केला.

"बस खाली, नाबोसा."

"अरे, पण वीज..."

"लॅपटॉप चालू आहे. डाव चालू आहे."

तो टेबलामागून बाहेर आला आणि चटईवर जाजांसमोर गुडघ्यांवर बसला. शेडमध्ये फणसाकडून येईल तेवढाच उजेड होता. माझा हा भाऊ बोलायला लागला की थांबत नाही. त्या दिवशी मोजून तीनच वाक्यं बोलला.

"जाजा, माझा हात चुकला. म्वामीला बुगोम्बे दिसतं. मी त्याला दिसू दिलं, मला कळलं नाही, पण हात माझाच."

बस, एवढंच. शाळेतल्या त्या भागाचं, ओम्वेसोचं, कसं झालं आणि का झालं, काही काही बोलला नाही. मी वाट बघत राहिले की आता सांगेल, आता सांगेल. तो खाली मान घालून बसून राहिला.

जाजांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी बाईंना विचारलं, "तू याच्याआधी काही बोलली होतीस?"

"नाही, जाजा. मी फक्त खेळत होते."

"केव्हा कळलं तुला?"

"बुगोम्बे पहिल्यांदा रिकामं केलं तेव्हा."

"मग थांबलीस का एवढा वेळ?"

बाई जरा घुटमळल्या. कोर्टात त्या अशा घुटमळत असतील असं वाटत नाही. मग म्हणाल्या, "माझे वडील त्या दिवशी इथं होते. ते म्हणायचे, सेबुगुझींनी थोडं थांबायला हवं होतं. कायोंडो बोलला असता."

त्या दिवशी म्हणजे कुठल्या, हे शेडमध्ये कोणाला विचारावं लागलं नाही. जाजांना तोंडावर असं कोणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं आता काठी उचलतात. त्यांनी हातातल्या बिया एकेक करून खळग्यांत ठेवल्या, हात झटकले. मग किसिटूला म्हणाले, "डाव हरलास. ऊठ, जागेवर जाऊन बस."

किसिटू उठला आणि बाकावर आपल्या टोकाच्या जागी जाऊन बसला. लोकांनी श्वास सोडला. मी डोळे पुसायला रुमाल शोधत होते तर लक्षात आलं, कुंपणावरची बोडाबोडावाली पोरं बाजूला झालीत. त्यांच्या मधून कायोंडो पुढे आला होता. हातात केळी परतायचा चिमटा तसाच. त्यानं कुंपणाची तार दुसऱ्या हातानं धरली.

"सेबुगुझी," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की पुढच्यांनी मागच्यांना गप्प केलं. "माझाही चुकला होता."

इतकी वर्षं हा माणूस नाही म्हणत आला होता. बायको गेली, पोरं मोठी होऊन गेली, तरी नाहीच म्हणत राहिला. आता जागा परत मिळणार नाही हे त्यालाही माहीत असणार. नियम तो नियम. तरी त्यानं म्हटलं.

चटईवरचे म्हातारे जाजांच्या तोंडाकडे बघायला लागले. जाजांनी पट आपल्या पुढ्यातून थोडा समोर सरकवला, दोघांच्या मध्ये येईल असा.

"असं रस्त्यावरून म्हटलेलं धरत नाहीत," ते म्हणाले. "ते पटाशी बसून म्हणायचं असतं. आत ये."

कायोंडो जागचा हलला नाही. त्याला फाटक कुठल्या बाजूला आहे ते आठवेना की काय कोण जाणे. मग मीच उठले आणि फाटकाशी गेले. कडी घट्ट बसली होती, मला ती दोन्ही हातांनी ओढावी लागली.